लॅपटॉपच्या जाहिरातीत पूर्ण मॉडेल नंबर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की आपल्या अंकात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. त्यातल्या दोन शेजारी शेजारी ठेवून एका वाचकाने मागच्या आठवड्यात याच सदरात विचारलं होतं की दोन्हींत ‘आय फाइव्ह, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंच’ असंच लिहिलेलं असताना एक लॅपटॉप दुसऱ्यापेक्षा चौदा हजारांनी महाग कसा? हे निव्वळ कंपनीच्या नावाचे पैसे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लॅपटॉप दुरुस्त करते, मदरबोर्डवरच्या चिपपर्यंतचं काम. स्वस्त-महाग दोन्ही यंत्रं माझ्या टेबलावर उघडी असतात. नावाचे पैसे लागतात हे खरं आहे. पण फरकातला मोठा हिस्सा त्या जाहिरातीत न छापलेल्या गोष्टींचा असतो, आणि त्या का छापल्या जात नाहीत हे कळलं की कंपन्यांची आपसातली चढाओढही कळते. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

झाकणावरची नावं वेगवेगळी असली तरी खालचे स्क्रू काढले की आत फारशी वेगळी दुनिया नसते. मदरबोर्डवर छापलेला क्रमांक ‘एलए’ने सुरू झाला तर तो बोर्ड कंपालचा, ‘डीए’ने सुरू झाला तर क्वांटाचा, हे दुरुस्तीच्या धंद्यातला पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. या दोन्ही तैवानच्या कंपन्या. विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन याही तिथल्याच. एकमेकींशी भांडणाऱ्या ब्रँडची यंत्रं हेच लोक बनवून देतात. प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेलचा नाहीतर एएमडीचा. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चिप बहुतेक सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या. स्क्रीन बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी अशा मोजक्या कारखान्यांतली. विंडोज सगळ्यांचं एकच.

हे असं झालं त्याचं मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला पहिला पीसी आणला, सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर. तो लवकर बाजारात यावा म्हणून त्यांनी बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमची खास मालकी राहिली ती बायोसवर, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामवर. कॉम्पॅक या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी मूळ प्रोग्राम न उचलता तसंच काम करणारा स्वतःचा बायोस लिहून काढला आणि १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी तर तसा बायोस मागेल त्याला विकू लागली. मग पीसी बनवायला मोठं नाव असण्याची गरज उरली नाही. नव्वदच्या दशकात आपल्या नागपुरात जे असेंबल्ड पीसी घरोघरी गेले, ते याच घटनेची फळं होती.

पण याचा दुसरा परिणामही झाला. सगळ्यांचा माल सारखा, म्हणून लढायचं ते किमतीवर. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्ससमधल्या विद्यापीठाच्या वसतिगृहातून सुरू केलेल्या कंपनीने मधला दुकानदारच काढून टाकला. ऑर्डर आली की यंत्र जोडायचं, त्यामुळे गोदामात पैसा अडकून पडत नसे. १९९२ च्या जूनमध्ये कॉम्पॅकने दर खाली आणले आणि बाकीच्यांनाही दर उतरवावे लागले. पुढे २००२ मध्ये कॉम्पॅकलाच एचपीने घेतलं. २००५ मध्ये खुद्द आयबीएमने पीसीचा धंदा चीनच्या लेनोवोला दिला. सोनीने २०१४ मध्ये वायो विकलं, तोशिबाने २०१८ मध्ये लॅपटॉपचा धंदा शार्पच्या हवाली केला. आपल्याकडची एचसीएल, झेनिथ ही नावं आज दुकानात दिसत नाहीत. माझ्या स्टोअरमध्ये मात्र त्यांचे की-बोर्ड अजून पडून आहेत आणि ते फेकवत नाहीत.

जे उरले त्यांच्या हातात फार काही नसतं. लेनोवो, एचपी, डेल लाखांनी प्रोसेसर उचलतात, म्हणून त्यांना दर बरा मिळतो. लहान कंपनीला तीच चिप महाग पडते. पण चिप, विंडोज, मेमरी यांचे पैसे कोणालाच चुकत नाहीत. मग दुसऱ्यापेक्षा दोन हजारांनी स्वस्त दिसायचं तर कुठून कापायचं? गिऱ्हाईक जे वाचत नाही, तिथून.

आणि गिऱ्हाईक काय वाचतं, हेही आपोआप ठरलेलं नाही. १९९१ मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू केली. जाहिरातीत त्यांचा शिक्का छापणाऱ्या कंपनीला जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेल देऊ लागली. तेव्हापासून प्रोसेसरचं नाव जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं. बिजागरी बनवणारा असा वाटा देत नाही, म्हणून बिजागरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

प्रोसेसरचंही अर्धंच नाव छापतात. एएमडीचं उदाहरण घ्या. ‘रायझन फाइव्ह, ७००० सिरीज’ एवढंच लिहिलेलं असतं. पण रायझन फाइव्ह ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन वेगळी जनावरं आहेत. यात तिसरा आकडा महत्त्वाचा, तो आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू मध्ये २०१९ साली आलेली झेन-२ रचना आणि चार कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे चार गाभे. ७५३०यू मध्ये झेन-३ आणि सहा कोअर. ७५४०यू मध्ये झेन-४. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डवर सोल्डर केलेलीच असते, नंतर वाढवता येत नाही. काटोलकडचे एक शेतकरी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला ८ जीबीचा असाच लॅपटॉप घेऊन आले होते. ‘ताई, यात अजून एक रॅम टाकून द्या ना, पोरीचं सॉफ्टवेअर अटकून राहिलं,’ म्हणाले. झाकण उघडून दाखवलं, स्लॉटच नव्हता. दुकानात त्यांना कोणी खोटं सांगितलं नव्हतं. ‘८ जीबी’ लिहिलं होतं, ८ जीबी होती. त्यांनी विचारायला हवा होता असा एखादा प्रश्न असू शकतो, हेच त्यांना कुठे छापलेलं दिसलं नाही, याचा मला राग येतो.

स्क्रीनचं तसंच. ‘फुल एचडी’ हा शब्द दोन्ही यंत्रांवर असतो. एकाची उजेडाची क्षमता २५० निट्स आणि रंग फिके, दुसऱ्याची ३०० किंवा ४०० आणि रंग पुरे. कमी प्रतीच्या पॅनलला ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. हिशेब लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. फोटो, डिझाइन, आर्किटेक्चरचं शिकणाऱ्याला रोज पडतो. बॅटरीही अशीच, ‘आठ तास’ लिहितात, पण तिच्यात वीज किती मावते, ४१ वॉट-अवर की ५७, हे लिहीत नाहीत.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट बघायला हवी, जी पुण्या-बंगळुरूच्या माणसाला सुचायची नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठीचं कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि दुपारी कूलर चालू असलेली खोलीही पस्तिसाच्या खाली येईलच असं नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे पैसे आय फाइव्हचे द्यायचे आणि ऐन परीक्षेच्या, प्रोजेक्टच्या दिवसांत काम त्याहून खालच्या प्रोसेसरचं घ्यायचं. स्वस्त यंत्र उघडलं की एक पंखा आणि तांब्याची एक बारीक नळी दिसते. महाग यंत्रात तोच प्रोसेसर असतो, पण दोन नळ्या, जाड फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या), कधी दोन पंखे. त्यामुळे एक कंपनी त्या चिपला १५ वॉटवर चालवते, दुसरी २८ वॉट देऊ शकते. प्रोसेसरचं नाव एक आणि काम दोन, आणि हे जाहिरातीतल्या कुठल्याच ओळीत येत नाही.

वर आमचा कूलर. डेझर्ट कूलरची ओली हवा आणि उन्हाळ्यातली धूळ एकदमच पंख्यातून आत जाते. फिन्सवर तिची लापशी बसते, वाळते, पुन्हा ओली होते. काही बोर्डांवर हिरवा गंज चढलेला मिळतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे येणाऱ्यांचं एकच वाक्य असतं : ‘ताई, हा लई तापून राहिला.’ ज्या यंत्राचा खालचा पत्रा चार-पाच स्क्रूंनी सरळ निघतो, त्याची सफाई अर्ध्या तासात होते. ज्याचं झाकण लॉकमध्ये घट्ट बसवलेलं असतं, ते काढताना लॉक तुटतात आणि पुढे ते नीट बसत नाही. चांगले स्क्रू आणि सरळ निघणारं झाकण द्यायला कंपनीला थोडे पैसे जास्त लागतात. ते पैसे ग्राहकाने जरूर द्यावेत असं मी म्हणेन, पण द्यायचे की नाही हे ठरवायला आधी त्याला माहिती तर हवी.

बिजागरीचं, म्हणजे आमच्या भाषेत हिंजचं, तर रोजचंच आहे. पितळेच्या बारीक बुशी (स्क्रू बसायच्या नळ्या) प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या, त्यावर लोखंडी हिंज. दीड-दोन वर्षं झाकण उघडमीट केलं की प्लॅस्टिक तडकतं, बुश उपटून येते. एका गिऱ्हाइकाला त्याच्या कंपनीच्या अधिकृत केंद्राने सांगितलं की नुसती हिंज मिळणार नाही, स्क्रीनसकट आख्खं झाकण घ्यावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून त्या मुलाने नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं होतं. आम्ही बुशी परत बसवून, पक्क्या करून त्याला दिला. तेच कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकांमध्ये बघा, लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड (२०२५ पासून ‘डेल प्रो’), एचपीचं एलिटबुक. त्यांत धातूची चौकट, सुट्टे भाग मिळतात, दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर खुली असते. तीच कंपनी, पण माल वेगळा. तेव्हा ‘कोणता ब्रँड चांगला’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढं बऱ्याचदा दोन कंपन्यांच्या सारख्या मालिकांत नसतं.

आता किमतीचा जो भाग यंत्राबाहेरचा आहे, तोही सांगायला हवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ६० हजारांच्या यंत्रात सुमारे ९,१५० रुपये कराचे. जीएसटी नोंदणी असलेला व्यावसायिक हे आपल्या करातून वळते करून घेतो, विद्यार्थ्याच्या बापाला ती सोय नाही. म्हणजे तोच लॅपटॉप मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीला स्वस्त आणि मानेवाड्यातल्या घराला महाग पडतो. पुढे डॉलर. भाग डॉलरमध्ये येतात, २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. मग मालाची टंचाई. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि इकडे हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली तसे रॅमचे भाव चढले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ‘क्रूशियल’ नावाने किरकोळ ग्राहकांना विकला जाणारा माल बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीने मेमरी आधीच करार करून घेतली तिचा लॅपटॉप काही महिने जुन्या भावात राहतो, दुसरीचा लगेच चढतो. दोन जाहिरातींतल्या फरकाचं हेही एक कारण असू शकतं.

ॲपलची गोष्ट निराळी आहे. प्रणाली त्यांची, नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये चिपही त्यांची, त्यामुळे शेजारच्या दुकानातल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी थेट तुलनाच होत नाही. २०२४ मध्ये एम-थ्री चिपचा मॅकबुक एअर २५६ जीबीचा १,१४,९०० रुपयांना आणि ५१२ जीबीचा १,३४,९०० रुपयांना होता. वाढीव २५६ जीबी साठवणीला वीस हजार! तेवढी एसएसडी बाजारात सुट्टी किती स्वस्त मिळत होती हे बर्डीवर विचारणाऱ्याला माहीत आहे, पण ती त्या यंत्रात घालताच येत नाही. सुरुवातीची किंमत गिऱ्हाईक ओढण्यासाठी आणि नफा वरच्या पायरीवर, ही रीत आता विंडोजवाल्यांनीही उचलली आहे. सोल्डर केलेल्या रॅमचं एक कारण पातळपणा असेल. दुसरं हे आहे.

आणि मग मॉडेल नंबर. माझं सगळं पत्र खरं तर याच्यासाठी आहे. एकच यंत्र शेवटची अक्षरं बदलून ऑनलाइनसाठी वेगळं, मोठ्या साखळी दुकानांसाठी वेगळं, बर्डीवरच्या डीलरसाठी वेगळं काढतात. कधी फरक नुसत्या बॅगेचा असतो, कधी रॅमच्या एका स्टिकचा, कधी स्क्रीनचा. ‘दुसरीकडे स्वस्त मिळालं तर फरक परत’ असं दुकान सांगतं, पण दुसरीकडे तो नंबरच सापडत नाही, मग तुलना कशाशी करणार? डीलरची बाजूही मला माहीत आहे. त्याच्या हातात मार्जिन थोडं, तिमाहीचं टार्गेट पूर्ण झालं तर कंपनीची स्कीम मागाहून जमा होते, म्हणून जून-सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो काही मॉडेल तोट्यातही काढतो. ग्राहकाला त्यात फायदा होऊ शकतो, नंबर माहीत असेल तर. एचपीच्या नंबरामागे ‘टीयू’ असेल तर ग्राफिक्स इंटेलच्या प्रोसेसरमधलंच, ‘टीएक्स’ असेल तर वेगळं कार्ड, एवढं साधं ज्ञानही पूर्ण नंबर छापलेला नसेल तर वाया जातं. नंबर हाती आला की कंपनीच्या साइटवर रॅमचे स्लॉट, निट्स, वॉट-अवर, वॉरंटी घरी येऊन की केंद्रात नेऊन, हे मोबाइलवरसुद्धा दोन मिनिटांत सापडतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दहापैकी दुरुस्ती-गुण लिहिणं सक्तीचं केलं. सुट्टे भाग मिळतात का, किती महाग आहेत, उघडायला किती सोपं, यावरून ते ठरतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. तसे गुण आपल्याकडच्या खोक्यांवर सक्तीने छापले जावेत यासाठी आपण अग्रलेख लिहावा, ही माझी पहिली विनंती. दुसरी विनंती दिल्लीला न विचारता पूर्ण करता येण्याजोगी आहे. आपल्या जाहिरात विभागाने लॅपटॉपची कोणतीही जाहिरात घेताना पूर्ण मॉडेल नंबर आणि ‘रॅम वाढवता येते / येत नाही’ एवढं छापणं आवश्यक करावं. नंबर खोक्यावर एमआरपीजवळच असतो, शोधावा लागत नाही. इतवारी-बर्डीवरचे ज्यांच्याशी माझं बोलणं झालं त्यांतल्या काही दुकानदारांना हे चालेल, अट सगळ्यांना सारखी असली तर. एकट्याने छापायला ते कचरतात, कारण शेजारचा छापणार नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, सीताबर्डी, नागपूर
(नाव आणि पत्ता पत्रासोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)